‘मोठा टाकून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा



‘वहिनी, हा खटका सारखा पडतोय ना? मोठा टाकून देतो, परत त्रास नाही.’

हे वाक्य आपल्या घरांत इतकं सहज बोललं जातं आणि त्यावर आपण इतकं सहज ‘बरं’ म्हणतो, की त्यात काही भयंकर आहे असं कुणाला वाटतच नाही. मला वाटतं. म्हणून आज त्या वाक्याविरुद्ध आणि त्याच्या मागून येणाऱ्या ‘बरं’विरुद्ध लिहिते आहे. सुकवणीच्या भाज्यांचं लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी.

माझ्या नणंदेचं घर भिवंडी शहरात. घरात सगळ्यांचा चोविहार. म्हणजे सूर्यास्ताच्या आत सात माणसांचं जेवण उरकायचं, पाणी उकळून ठेवायचं, दुकानातून धावत आलेल्यांना गरम वाढायचं. तुमच्याकडेही हेच असेल. संध्याकाळचा तो दीड तास आपल्या स्वयंपाकघरात सगळं एकदम चालू असतं. इंडक्शन शेगडी २००० वॉटची, पाण्याची किटली १५०० ची, मायक्रोवेव्ह १२०० चा, मिक्सर ७५० चा. बेरीज ५४५० वॉट. २३० व्होल्टने भागा, जवळजवळ २४ अँपिअर येतात. आणि त्या ओळीवरचा एमसीबी होता १६ अँपिअरचा. तो पडायचा. पडणारच. त्याला त्यासाठीच तिथे बसवलेला आहे.

वायरमन आला, दहा मिनिटांत १६ काढून ३२ चा बसवून गेला. पैसेही फार घेतले नाहीत. घरात सगळे खूश, कारण खटका पडायचा थांबला. मी गेले तेव्हा नणंदबाईंनी कौतुकाने सांगितलं. मी बोर्डाचं दार उघडून आकडा पाहिला आणि विचारलं, ‘भिंतीतली तार बदलली का?’ तर नाही. तार तीच, अडीच चौरस मिलिमीटरची. प्लगही तेच, १६ अँपिअरचे.

आता यात काय झालं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एमसीबी मिक्सरला वाचवण्यासाठी नसतो. तो भिंतीतल्या तारेला वाचवण्यासाठी असतो. भिंतीतल्या पाइपातून जाणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साधारण वीसेक अँपिअर सुखाने वाहते. त्याहून जास्त वाहायला लावलं तर ती तापते, तिच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण मऊ होतं, मग कडक होऊन तडकतं. हे दिसत नाही, भिंतीच्या आत होतं. एमसीबीच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी असते. जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. शिवाय एक तारेचं वेटोळं असतं. शॉर्ट सर्किट झालं तर ते चुंबक बनून क्षणार्धात खटका ओढतं. एक पहारेकरी धिम्या धोक्यासाठी, दुसरा अचानक येणाऱ्या धोक्यासाठी.

धिम्या पहारेकऱ्याचं गणित मानकात ठरलेलं आहे. घरगुती एमसीबीवर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. १६ च्या खटक्याला हे म्हणजे साधारण १८ आणि २३ अँपिअर. ३२ च्या खटक्याला ३६ आणि ४६. म्हणजे आमच्या नणंदबाईंच्या भिंतीतल्या वीसेक अँपिअरच्या तारेतून ३६ अँपिअर वाहिले तरी नवा पहारेकरी गप्प उभा राहणार. त्या वायरमनने पहारेकरी बदलला नाही, पहारेकऱ्याला झोपेची गोळी दिली. आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं की दुरुस्ती झाली.

आपल्या आजीच्या पिढीतही हे होतं, नाव वेगळं होतं. तेव्हा चिनी मातीच्या फ्यूजमध्ये बारीक तार असायची. ती सारखी जळते म्हणून कुणीतरी हुशार माणूस जाड तार ओवून ठेवायचा. काही ठिकाणी तर खिळा. आता बोर्ड गुळगुळीत, पांढरा, महागडा झाला, पण हुशारी तीच राहिली.

मग उपाय काय? इंडक्शनसारख्या मोठ्या उपकरणासाठी बोर्डापासून वेगळी तार ओढायची आणि तिला तिचा स्वतःचा खटका द्यायचा. नणंदबाईंकडे शेवटी तेच केलं आणि जुन्या ओळीवर पुन्हा १६ चा बसवला. भिंतीवर एक पांढरी पट्टी आली, दिसायला फार चांगली नाही. घरात त्यावरूनही कुरबूर झाली! ज्यांना पट्टी नको त्यांनी पाणी दुपारीच उकळून थर्मासमध्ये भरून ठेवावं. तेही चालतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा जास्त छळते. ‘आमच्याकडे एमसीबी आहेत, शॉक लागला तर खटका पडेल.’ हे मी सुशिक्षित, इंजिनिअर मुलांच्या आयांच्या तोंडून ऐकलं आहे. नाही हो, पडणार नाही. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून ५० ते १०० मिलिअँपिअर काही क्षण वाहिले तरी हृदयाचा ताल बिघडून जीव जाऊ शकतो. एमसीबीच्या हिशेबी तो प्रवाह म्हणजे एक लहानसा दिवा लागला. त्याला तुम्ही दिसतच नाही.

तुम्हाला पाहणारं यंत्र वेगळं असतं. आरसीसीबी. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. एमसीबीपेक्षा रुंद, आणि त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं एक लहान बटण. ते काय करतं? घरात गेलेला प्रवाह आणि घरातून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतं. दोन्ही सारखे हवेत. फरक पडला म्हणजे कुठूनतरी वीज गळते आहे. ओल्या भिंतीतून असेल, गिझरच्या पत्र्यातून असेल, किंवा तुमच्या अंगातून जमिनीत जात असेल. फरक ३० मिलिअँपिअर झाला की त्याने सेकंदाच्या तीन दशांशांच्या आत वीज तोडायची, आणि गळती १५० मिलिअँपिअरची असेल तर त्याहून कितीतरी लवकर, चार शतांश सेकंदात. एवढ्या वेळात ‘आई गं’ म्हणूनही होत नाही.

हा ३० चा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिलं, की हातातली तार माणूस स्वतःहून सोडू शकतो तो किती प्रवाहापर्यंत. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली. बायकांची १०.५. त्यापुढे स्नायू आवळतात आणि हात सुटत नाही. हा आकडा वाचल्यापासून मला ‘हे गड्यांचं काम, तुम्ही त्यात पडू नका’ हे वाक्य सहन होत नाही. ओल्या हातांनी मिक्सर लावतं कोण? वॉशिंग मशीनमध्ये हात घालतं कोण? गिझरच्या नळाखाली बाळाला आंघोळ घालतं कोण? आणि पकडलेली तार कमी प्रवाहाला ज्यांच्या हातून सुटत नाही, त्या कोण? मग बोर्डाच्या दाराआड काय आहे हे माहीत असण्याचा पहिला हक्क कुणाचा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहा. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी १२ हजारांहून जास्त माणसं मरतात. ती सगळी काही खांबावर चढलेली नसतात.

इथे एक फसवणूक सांगून ठेवते. आरसीसीबी ३० चेही मिळतात, १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही. १०० आणि ३०० चे इमारतीला आगीपासून थोडं राखतात, माणसाला नाही. पण पावसाळ्यात ३० चा सारखा पडतो, म्हणून ‘मोठा टाकून देतो’वाले इथेही हजर असतात. तुमच्या आरसीसीबीवर लहान अक्षरांत आकडा असतो. चष्मा लावा आणि वाचा. ०.०३ अँपिअर किंवा ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असेल तर ठीक.

आणि इन्व्हर्टर! आमच्या दिघाशीत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून अनेक घरांत इन्व्हर्टर आहे. तो जोडताना न्यूट्रलची तार चुकीच्या ठिकाणी जोडली, की आरसीसीबीला जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही आणि तो उगाच पडत राहतो. दोष जोडणीत आहे. ती सुधारायला तास लागतो, आरसीसीबी वगळून सरळ तार जोडायला पाच मिनिटं लागतात. त्यामुळे काय केलं जातं ते तुम्हीच ओळखा. यंत्र बोर्डात जागेवर दिसतं, दांडी वर असते, पण त्यातून वीजच जात नाही. देवघरातल्या रिकाम्या डब्यासारखं. तुमच्या घरात इन्व्हर्टर बसल्यानंतर आरसीसीबी एकदाही पडला नसेल, तर आनंद मानण्याआधी टेस्ट बटण दाबून पाहा. आणि ते बटण खाली पाडल्यावर घरातले कुठले दिवे, कुठले प्लग अजून चालू आहेत तेही पाहा. इन्व्हर्टरवरचे दिवे राहतील. पण गिझर किंवा वॉशिंग मशीन चालू राहिलं तर वायरमनला बोलवा, आणि यावेळी त्याच्याजवळ उभ्या राहा.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. बहुतेक कंपन्यांच्या कागदावर महिन्याने किंवा तीन महिन्यांनी असं लिहिलेलं असतं, तो कागद आपण खोक्यासकट भंगारात देतो. बटण दाबल्यावर दांडी लगेच खाली पडली पाहिजे. पडली नाही तर ते यंत्र मेलेलं आहे, बदलायचं. यात विद्या काही नाही. मी पाखीच्या दिवशी दाबते, लक्षात राहायला सोपं. आधी संगणक आणि टीव्ही बंद करायचा, हात कोरडे, पायांत चपला. एवढंच.

‘सारखं खाली-वर केलं तर खराब होईल ना?’ असं जाऊबाई म्हणाल्या. खराब होण्याचं उलट आहे. वर्षानुवर्षं हलवलं नाही तर आतली कळ धूळ आणि ओलीने आखडते आणि नेमक्या वेळी हलत नाही. घरगुती एमसीबीच्या मानक चाचणीत तो भार जोडून ४००० वेळा चालू-बंद करून पाहतात. वर्षातून दोनदा आपण एकेक खाली-वर केला तर काही झिजत नाही. आणि हो, पडलेला खटका पुन्हा लावताना आधी पूर्ण खाली दाबायचा, मगच वर. दांडीला दोरी बांधून किंवा काडी अडकवून वर धरून ठेवणारे महाभाग आहेत. त्यांना सांगा की चांगल्या एमसीबीची दांडी बाहेरून धरून ठेवली तरी तो आतल्या आत तुटतो, त्याची रचनाच तशी असते. एकदा लावून पुन्हा लगेच पडला तर तिसऱ्यांदा लावायचा नाही. त्या ओळीवरचं सगळं काढून, एकेक जोडत, कुठल्याशी पडतो ते शोधायचं. काहीच जोडलेलं नसताना पडला तर भिंतीत दोष आहे, मग वायरमनचं काम.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते.

घरी कुठे आग लागली की वर्तमानपत्रात दोन शब्द येतात, ‘शॉर्ट सर्किट’. जणू आभाळातून वीज पडली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, १० बाळं गेली. चौकशीत कारण शॉर्ट सर्किट सांगितलं गेलं. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. कारखान्यातच राहणारं मालकाचं कुटुंब आणि कामगारांची माणसं मिळून ८ जीव गेले. प्राथमिक अंदाज पुन्हा तोच, शॉर्ट सर्किट. आपण हळहळतो, नवकार म्हणतो, पान उलटतो. पण शॉर्ट सर्किट हे उत्तर नाही, तिथून प्रश्न सुरू होतो. खटका शोधून काढला गेला तोच मुळी शॉर्ट सर्किटसाठी. मग कुठेही अशी आग लागली की पहिला सवाल हा हवा की खटका वेळेत पडला का, आणि त्याला शेवटचं कुणी कधी तपासलं होतं. हा सवाल आपल्याकडे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. कुणीच नाही, कधीच नाही.

आणि काही आगी अशाही असतात ज्यांत चांगला खटकासुद्धा हतबल असतो. स्क्रू सैल झालेला असतो. तार टोकाला नीट घट्ट नसली की तिथे प्रवाह वाढत नाही, पण उष्णता वाढते. खटक्याच्या हिशेबी सगळं ठीक चाललेलं असतं आणि बोर्ड आतून भाजत असतो. हे यंत्र पकडत नाही, माणूस पकडतो. डोळ्यांनी, नाकाने, कानांनी. दार उघडल्यावर एखाद्या खटक्याच्या तोंडाशी तपकिरी डाग, वितळल्यासारखी कड, बारीक चर्रर्र आवाज, शेजारच्यांपेक्षा एकच खटका खूप गरम. आणि वास. जळणाऱ्या बोर्डाचा वास पुष्कळदा मासळीसारखा येतो. आपल्या घरात तो वास आला की आपण खिडकी लावून शेजाऱ्यांना नावं ठेवतो! पुढच्या वेळी आधी बोर्ड हुंगा.

माझं म्हणणं कठोर वाटेल, पण म्हणते. आपण पाणी गाळतो, आणि ते उकळतो. धान्य निवडताना एक किडा दिसला तर अलगद उचलून बाहेर ठेवतो. चूल, उंबरा, पाणेरा, प्रत्येक ठिकाणी पुंजणी फिरवतो. आणि ज्या पेटीतून घराला आग लागू शकते तिचं दार दिवाळीलाही उघडत नाही, कारण त्यावर कॅलेंडर टांगलेलं असतं. जयणा म्हणजे काय मग? तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द व्याख्येतच घातला आहे. मारण्याची इच्छा नव्हती, हे म्हणून सुटका नाही. बेपर्वाईने जीव गेला तर ती हिंसा. ‘नशिबात असेल ते होईल, कर्माचं फळ’ असं बोर्डाकडे पाठ करून म्हणणाऱ्या बाईला मी विचारते, तुमची बेपर्वाई हे कुणाचं कर्म? तेही तुमचंच बांधलं जातं आहे.

जीवदयेचं म्हणाल तर त्या पेटीत आधीच जीव जातायत. उष्णता असते म्हणून पाली आत शिरतात, मुंग्या वारूळ करतात. पाल दोन टोकांना शिवली की ती मरते, आणि कधी कधी तिच्यामुळेच शॉर्ट होतं. तारा आत जाण्यासाठी पाडलेली भोकं उघडी असतात, ती बंद करून घेण्याला वायरमनला फार वेळ लागत नाही. भिवंडीत मागांचा कापूस हवेत उडतो आणि बोर्डात जाऊन बसतो, आमच्याकडे शेताची धूळ आणि ओल. कापूस बसलेल्या पेटीत ठिणगी पडली तर काय होईल हे मी सांगायला नको.

यावर एक जुना प्रश्न येतो, की विजेला अग्निकाय मानायचं का, मग ती वापरणं हीच हिंसा नाही का. सचित्त की अचित्त यावर आपल्या संप्रदायांत एकमत नाही, अनेक महाराजसाहेब माइकसुद्धा वापरत नाहीत. तो विचार त्यांच्याकडे राहू द्या. आपण श्राविका घरात ती वापरतोच आहोत. वापरायची आणि सांभाळायची नाही, याला कुठल्याच संप्रदायात जागा नाही.

आणि आता घराबाहेर. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचे माग आहेत, गोदामं आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत. ‘ते धंद्याचं, ते हे बघतात’ असं म्हणू नका. खोल्यांच्या भाड्यातून घर चालतं ना? एका मीटरवर पाच-सहा खोल्या, प्रत्येकीत हीटरची सळई आणि पंखा, आणि खाली जिन्याखाली एक ६३ चा खटका, कारण ४० चा पडायचा. रात्री त्या खोल्यांत लेकरं झोपतात. कामगार मागाच्या शेजारीच चटई टाकतो. तुमच्या घरच्या पुरुषांना आज जेवताना विचारा की कारखान्याच्या बोर्डाचे स्क्रू शेवटचे कधी आवळले. घास थांबेल. थांबू द्या.

देरासरच्या समितीलाही विचारा. पर्युषण भाद्रपदाच्या तोंडावर, भर पावसात. लाखांची रोषणाई, मांडवाचे लोखंडी खांब, ओल्या जमिनीवरून गेलेल्या तारा, त्यांना टेपने बांधलेले सांधे, आणि गर्दीत अनवाणी चालणाऱ्या आपण सगळ्या. मांडवाच्या त्या तात्पुरत्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का? बोली लाखांची होते, तेवढ्यात हे यंत्र सहज येतं. देणगीच्या पाटीवर नाव लिहायचं असेल तर त्यावर लिहा. माझी हरकत नाही.

वीज कंपनीकडे बोट दाखवून चालणार नाही. आपल्या भिवंडी भागात २६ जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर वीज पुरवते. कुठलीही कंपनी असो, मीटरपर्यंत त्यांचं आणि मीटरनंतर घरातलं आपलं.

आपण काय करायचं नाही तेही सांगते, नाहीतर माझंच वाचून कुणी पेचकस घेऊन बसेल. बोर्डाचं आतलं झाकण उघडायचं नाही. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला येणाऱ्या तारांत वीज असतेच. स्क्रू आवळणं, अर्थिंग मोजणं, तारा पाहणं हे परवानाधारक वायरमनचं काम, वर्षातून एकदा, चातुर्मास सुरू होण्याआधी. त्या आठवड्यात तसंही घर झाडून-पुसून काढतो, त्यातच हे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकायला सांगा. गाळलेलं टाका हवं तर.

तो आला की त्याला चहा द्या आणि समोर उभं राहून विचारा: या खटक्यापुढे तार किती चौरस मिलिमीटरची आहे? एका टोकात दोन तारा कोंबल्या आहेत का? तारेचे काही धागे कापून टोक बारीक केलं आहे का? एखादा खटका शॉर्ट सर्किटने जोरात पडला असेल तर तो तपासला का, की तसाच लावला? नवा बसवताना आयएसआय चिन्ह आहे का, आणि दुकानाची पावती कुठे आहे? चांगला वायरमन या प्रश्नांनी खूश होतो, मी पाहिलं आहे. जो चिडतो त्याला चहा संपवू द्या आणि दुसरा शोधा.

मग एक कागद घ्या. कुठला खटका कुठल्या खोलीचा, किती अँपिअरचा, त्याची तार किती जाडीची, हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहा आणि बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. खाली तपासल्याची तारीख. सासूबाईंना वाचता येईल अशा अक्षरात, कारण दुपारी घरात त्या आणि नातवंडंच असतात. वरचं कॅलेंडर दुसऱ्या खिळ्यावर.